परवानगी देणारे बब्रुवानमामा

लातुरात आमच्या कॉम्प्लेक्सच्या मधल्या चौकातून कुणीही चाललं, की बब्रुवानमामा लगबगीनं त्याच्यासमोर येत आणि म्हणत, "परवानगी हाय. जावा!" माणूस दचकायचा. कारण त्यानं परवानगी मागितलेलीच नसायची.

मामा मूळचे जळकोटकडचे. आमच्या मालकांचे दिवाणजी. माझं झेरॉक्सचं दुकान त्याच चौकात, म्हणून हे सगळं मी रोज पाहायचो. जागा मालकांची, पण एका अंगाला बाजार आणि दुसऱ्या अंगाला सरकारी दवाखाना. अख्खी वस्ती मधूनच ये-जा करायची. मालकांच्या वकिलानं एकदा सांगितलं होतं, लोक वर्षानुवर्षं आपल्या हक्कानं जात राहिले तर वहिवाट पडते, मग रस्ता अडवता येत नाही. परवानगीनं गेले, तर पडत नाही. मालक ते ऐकून जेवायला गेले. मामांनी मात्र ते मनावर घेतलं.

खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नुसती धावपळ. शाळेच्या पोरी आल्या की, "पाची जणींना परवानगी हाय." वरात आली की बँडवाल्याच्या कानात ओरडून. एकदा तर म्हशीलाही दिली. मी हसलो, तर म्हणाले, "हसून काय राहिले? म्हशीला मालक असतो की. उद्या तो कोर्टात गेला म्हंजे?"

फक्त एक बाई त्यांना दाद देत नसत. दवाखान्यातल्या नर्स, सुलोचना सिस्टर.

"परवानगी हाय, सिस्टर."

"मागितली कुणी? माझी आईबी हितूनच जायची."

"पर मी देऊन राहिलो की!"

"ठेवा तुमच्यापाशीच."

हे रोज सकाळी. सिस्टरना उशीर झाला, की मामा दहादा रस्त्यापर्यंत जाऊन बघून यायचे.

मग मालकांनी चौकाला लोखंडी गेट बसवून कुलूप घातलं. बाळंतपणाला अडलेल्या बायांनाही रिक्षातून लांबचा वळसा पडू लागला. लोक कोर्टात गेले. मालकांचा मुख्य साक्षीदार अर्थातच मामा. इस्त्रीचं धोतर नेसून आले आणि छाती काढून म्हणाले, "साहेब, एकूण एक माणसाला मी सोता परवानगी दिलेली हाय."

लोकांच्या वकिलानं विचारलं, "दिली. पण सगळ्यांनी घेतली का?"

मामा चुळबुळले. मालक समोरच बसलेले. मामांनी कठडा धरला, सोडला, पुन्हा धरला.

"एका बाईनं न्हाई घेतली," ते म्हणाले. "मी रोज दिली, त्यांनी रोज वापस केली. तेवीस वर्षं. आता शपथ घेऊन खोटं कसं बोलू, साहेब? लई भांडल्यात त्या माझ्याशी."

मागून कुणीतरी म्हणालं, "आम्हीबी कुठं घेतली होती!" मग वस्तीतली आणखी माणसं साक्षीला उभी राहिली. पुढे निकाल लोकांच्या बाजूनं लागला आणि गेट निघालं. मामांचं काम मात्र साक्षीच्या दिवशीच संध्याकाळी गेलं होतं.

निकाल सांगायला मी त्यांच्या खोलीवर गेलो. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीवर मामींचा हार घातलेला फोटो. इतक्या वर्षांत मी कधी घरचं विचारलंच नव्हतं.

"बरं झालं, मामा. आता निवांत बसा," मी म्हणालो.

ते दार आणि खाट यांच्यामध्ये फेऱ्या मारत होते. "निवांत कसलं? रविवारी बाजार बंद, दवाखान्यात गर्दी न्हाई. चौकात चिटपाखरू नसायचं. सोमवार उजाडेपर्यंत माझ्या तोंडातून एक शब्द निघत नव्हता. आता तर रोजच रविवार हाय."

पुढच्या रविवारी मी दुकान उघडलं. गिऱ्हाईक येणार नाही, हे माहीत होतं. मामांना फोन केला, "मशीन अडकून राहिली, जरा येऊन बघता का?"

मशीनमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. धावतच आले.