बाळगोंडा गव्याचं मनाजोगतं काम

एका जंगलात, बाळांनो, एक ओढा होता. पाणी फार खोल नव्हतं, पण त्याला ओढ भारी. सशाएवढ्या जिवाचा पाय घसरला की तो थेट खालच्या डोहात. म्हणून त्या ओढ्यात बाळगोंडा नावाचा गवा आडवा उभा असायचा. शेपटी या काठाला, शिंगं त्या काठाला.

ससे, खारी, मुंगसं त्याच्या पाठीवरून पलीकडच्या करवंदीच्या जाळ्यांत जायची आणि दिवस मावळायच्या आत परतायची. मधल्या वेळात मासे त्याच्या खुरांना गुदगुल्या करायचे. हे काम तुला आवडतं का, असं त्याला कधी कोणी विचारलं नव्हतं. त्यालाही स्वतःला विचारायचं सुचलं नव्हतं. अकरा वर्षं अशी छान गेली.

मग जंगलात मंजुळाबाई मैना आल्या. बाई चार जंगलं फिरून आलेल्या. त्यांनी वडाखाली वर्ग काढला आणि आपापलं स्वप्नातलं काम कसं शोधायचं ते सगळ्यांना शिकवू लागल्या. पहिल्याच दिवशी कोल्ह्याला कळलं की आपण मुळात गवई आहोत. माकडाला ध्यानधारणा शिकवावीशी वाटू लागली. कासवाला टपाल खात्यात जायचं होतं. बाईंनी प्रत्येकाची पाठ थोपटली.

दुपारची वर्दळ नव्हती, म्हणून बाळगोंडाही घटकाभर ओढ्यातून वर येऊन मागे बसला होता. त्याची पाळी आली तेव्हा बाईंनी त्याला डोळे मिटायला सांगितले. तो जरा पेंगलाच.

"काय दिसलं?" बाईंनी विचारलं.

"पाणी," बाळगोंडा म्हणाला. "मी त्यात हुबा हाय. पाठीवरनं एक ससा चाललाय."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांना त्याची कीव आली, आणि कीव हसण्यापेक्षा जास्त लागते.

"अहो, ते तर तुम्ही रोजच करता," त्या म्हणाल्या. "रोज करतो त्याला स्वप्न म्हणत नाहीत."

बाळगोंडाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं मोठं धूड आणि आत एकही स्वप्न नाही. तो ओढ्याकडे परत गेलाच नाही. स्वप्न शोधायला निघाला.

आधी तो सिंहाच्या दरबारात फुलांची आरास करायला लागला. दुपारपर्यंत ती आरास त्याने खाऊन टाकली. दुसऱ्या दिवशी नाचाच्या पथकात शिरला, तर संध्याकाळी तीन मोर लंगडत घरी गेले. तिसऱ्या दिवशी सिंहाच्या गुहेवर पहारेकरी झाला. तिथे उग्र चेहरा करून उभं राहायचं होतं. त्याने खूप प्रयत्न केला, पण येणारे-जाणारे त्यालाच वाट विचारायचे.

तिथेच ठकूबाई सशीण त्याला शोधत आली. तो ओढा सोडून गेला त्या दुपारी तिची चार पिल्लं पलीकडे करवंदं खात होती. ती तिकडेच अडकली. तीन दिवस ठकूबाई अलीकडच्या काठावरून त्यांना ओरडून धीर देत होती. आता तिचा आवाज पार बसला होता.

"बाळूदादा," ती कशीबशी म्हणाली, "लेकरं माझ्याकडं बघून पाण्यात उतराय लागलीत."

बाळगोंडाने पहारा तसाच टाकला आणि धावत सुटला. ओढ्यात शिरून आडवा झाला. तीन पिल्लं टणाटण उड्या मारत आली. चौथं दमलेलं होतं, ते पाठीच्या मधोमध झोपी गेलं. ते जागं होईपर्यंत बाळगोंडाने कानसुद्धा हलवला नाही.

एवढ्यात सिंहाचा कारभारी तरस तिथे आला. त्याने शांतपणे समजावून सांगितलं की ही जागा आता रिकामी झालेली आहे, आणि रिकाम्या जागेत नेमणुकीशिवाय उभं राहणं हा गुन्हा आहे. जागा रीतसर भरली जाईल.

जाहिरात निघाली. 'पारगमन अधिकारी पाहिजे. पाण्यात उभे राहण्याची मनापासून ओढ हवी.' मुलाखत घ्यायला तरस आणि मंजुळाबाई बसल्या. उमेदवार दोनच होते, बाळगोंडा आणि धवलराव बगळे.

धवलराव म्हणाले की अंड्यात असल्यापासून प्रवाहाच्या मधोमध, एका पायावर, समाजासाठी उभं राहायचं हेच त्यांचं स्वप्न होतं. मंजुळाबाईंचे डोळे पाणावले. बाळगोंडा म्हणाला, आपण अकरा वर्षं उभे होतो. तरसाने कागदावर लिहिलं, 'अनुभव आहे. तळमळ दिसत नाही.'

नेमणूक धवलरावांची झाली. पहिल्याच सकाळी ठकूबाईने त्यांच्या पाठीवर पाय ठेवला आणि दोघंही पाण्यात गेली. ठकूबाईला मुंगसांनी ओढून काढलं. चौकशी बसली. साहेबांवर कामाचा ताण फार आहे, त्यांना मदतनीस हवा, असा निष्कर्ष निघाला.

तेव्हापासून ओढ्यात बाळगोंडा उभा असतो आणि त्याच्या पाठीवर धवलराव. ससे आधी धवलरावांना नमस्कार करतात, मग पलीकडे जातात. दर आठवड्याला धवलराव वडाखालच्या वर्गात आपलं स्वप्न कसं साकारलं ते सांगतात. तेवढा वेळ पाठ जरा मोकळी होते.

एकदा मंजुळाबाई मुद्दाम ओढ्यावर आल्या. आता तरी काही स्वप्न सापडलं का, असं त्यांनी बाळगोंडाला विचारलं. मासे खुरांना गुदगुल्या करत होते. पण एव्हाना तो शहाणा झाला होता.

"सापडलं की, बाई," तो म्हणाला. "सायबांच्या जागी जायचं सपान हाय."

बाईंना भरून आलं. त्या निश्चिंत मनाने पुढच्या जंगलाकडे उडाल्या.

तात्पर्य: मनापासून शोधलं तर स्वप्नातलं काम प्रत्येकाला मिळतं. फक्त पायाखाली एक गवा असावा, आणि त्याला काय आवडतं ते विचारू नये.