टॉलेफसनांच्या गॅरेजचे दार सर जाहले त्याची हकिकत

प्रथम मुजरा उत्तरेच्या हिवाळ्यास, ज्याच्या अमलाखाली तमाम मिनेसोटा मुलुख निम्मे वर्ष मुकाट नांदतो आणि वर 'यंदा त्यामानाने बरे आहे' ऐसे म्हणतो. मग मुजरा लूथरपंथी देवळास व तेथील पातळ कॉफीस. मोठमोठ्या लढायांच्या बखरी बहुतांनी लिहिल्या, कोणी हत्तींच्या, कोणी तोफांच्या. परंतु गॅरेजच्या दारावरील स्प्रिंगेची लढाई कोणी लिहिली नाही, सबब हा उद्योग आम्ही, याच गल्लीचे रहिवासी, शिरावर घेतला. लिहितो त्यात पक्षपात नाही. असलाच तर बाईसाहेबांकडे आहे.

स्प्रूस फॉल्स नामे कसबा, तेथे राजश्री व्हर्लिनराव टॉलेफसन, धान्यकोठीवरील नोकरीतून फारिग होऊन, आपले कुटुंब आर्डिसबाईसाहेब यांसह सुखरूप असत. त्यांची कन्या चाळीस मैलांवर नांदते, तिजला पहिली मुलगी जाहली, आणि त्या नातीचा बाप्तिस्मा जानेवारीतील एका रविवारी सकाळी मुकरर जाहला. नातीस कुशीत घेऊन पाण्यापाशी उभे राहण्याचा मान खुद्द व्हर्लिनरावांस दिला होता. आणि त्यांच्या मातुश्रींनी शिवलेला पांढरा झगा, जो आजवर प्रत्येक टॉलेफसन बाळाने ल्यालेला, तोही यांजपाशीच होता. आजोबा आणि झगा, दोन्ही एकाच गाडीतून जायचे. ती गाडी गॅरेजात होती.

रविवारी उजाडता थंडी ऐसी की नाकातला श्वास आत जाण्यास कचरे. आर्डिसबाई हॉटडिशचे, म्हणजे देवळाच्या पंगतीस न्यावयाच्या भट्टीत भाजलेल्या बटाटे-मांसाच्या पदार्थाचे, भांडे टॉवेलात बांधीत होत्या आणि व्हर्लिनरावांनी गाडी काढावी म्हणून भिंतीवरील बटण दाबले, तो तोफ सुटावी ऐसा बार जाहला. मग दार वीतभर उठले, कण्हले, आणि जागीच बसले. वर पाहता स्प्रिंग मधोमध तुटून तीत चार बोटांची फट पडली होती.

येविशी थोडा तपशील लिहिणे जरूर. लोक समजतात की दार मोटर उचलते. साफ खोटे. मोटर ही नुसती कारकून, शिक्का मारणारी; भार वाहणारे पहिलवान ते दोन, दाराच्या माथ्यावरील लोखंडी दांड्यावर घट्ट पिळलेली पोलादी वेटोळी, म्हणजेच स्प्रिंगा. दार खाली येता ती पिळली जातात आणि दार वर जाता तो पीळ सोडून वजन आपल्या अंगावर घेतात. ऐसे हजारो वेळा केले की पोलाद थकते, आणि कडाक्याच्या थंडीत तुटते. म्हणोन वर्षाकाठी त्यांस तेल द्यावे, आणि मोटर दारापासून सोडवून दार हाताने अर्ध्यावर नेऊन सोडावे. जागी राहिले तर पहिलवान धडधाकट, खाली आले तर त्यांचे दिवस भरले.

व्हर्लिनरावांनी काय केले? साखळीस तेल दिले, चाकांस दिले, बिजागऱ्यांस दिले, शेजारच्या फाटकासही दिले. फक्त स्प्रिंगांस नाही, कारण त्या कधी कुरकुरल्या नाहीत, आणि या मुलुखी जो कुरकुरत नाही त्याचे बरे चालले आहे ऐसेच धरतात. गेल्या शरदात दार जड जाहले तेव्हां त्यांनी मोटरीचा स्क्रू पिळून तिचा जोर वाढविला आणि 'झालं ठीक' म्हणोन कॉफी घेतली. दुखणे झाकले, बरे केले नाही.

मग मसलत बसली. व्हर्लिनरावांनी खिळ्यावरून एक जुनी स्प्रिंग उतरविली, जी कोणे एके लिलावात केवळ स्वस्त म्हणोन घेतली होती. ती हलक्या दाराची, तार बारीक, आणि पिळाची दिशाही उलटी. परंतु सरदारास हत्यार मिळाले की विचार सुचत नाही. दोन मोठे स्क्रूड्रायव्हर घेऊन ते शिडीवर चढू लागले. ऐसी स्प्रिंग पिळण्यास नेमक्या मापाच्या पोलादी सळ्या लागतात. स्क्रूड्रायव्हर निसटला की मनगट मोडते, आणि ते नशीब चांगले असल्यास.

बाईसाहेब दारात उभ्या राहोन म्हणाल्या, "व्हर्लिन, खाली उतर."

"अगं, पाच मिनिटांचं काम आहे."

"गेल्या खेपेस पाच मिनिटांत तू स्वयंपाकघराचा नळ उखडलास. उतर म्हणते ना. आज ते हात बाळाला धरायला हवेत मला."

हा हुकूम सुटला आणि राव उतरले. मग उभयतांनी मोटर सोडवून दारास हात घातला. एक स्प्रिंग शाबूत, तथापि दार दुहेरी, लाकडी, पिढीजात वजनदार. गुडघ्याएवढे उठले आणि दोघांचा दम सुटला. तिसरा गडी पाहिजे, हे उघड जाहले.

इतक्यात समोरील घराचे लोवेलराव, गेल्या वर्षापासून एकटेच राहतात, फावडे घेऊन फाटकाशी आले. त्यांची गाडी मुलाने गोठल्या तळ्यावर मासेमारीस नेली होती. या मुलुखीचा दस्तूर ऐसा की मदत पुढे आली तर दोनदा नाकारावी आणि तिसऱ्या वेळेस 'बरं, एवढं म्हणतोस तर' म्हणोन घ्यावी; आपण होऊन मागावी हे मात्र कोणी ऐकिलेले नाही.

"काय रे, दार अडलं का? येऊ का हात लावायला?"

"छे, छे. विशेष काही नाही."

"नाही, म्हणजे मी मोकळाच आहे."

"होईल रे. तू कशाला त्रास घेतोस?"

येथवर दस्तुराप्रमाणे. लोवेलराव तिसऱ्यांदा पुसणार, तोंड उघडले होते, परंतु त्यांचे कान लाल जाहलेले पाहून व्हर्लिनरावांस दया आली आणि ते बोलून गेले, "थंडी फार आहे, घरात जा बाबा." हे वाक्य तेथे निरोपाचे समजतात. लोवेलराव मान हलवून गेले. भलेपणा नडला तो ऐसा.

मग इकडच्या खिडकीत व्हर्लिनराव उभे, तिकडच्या खिडकीत लोवेलराव उभे, मध्ये बर्फाचा रस्ता. हा म्हणतो तो येईल, तो म्हणतो हा बोलावील. घड्याळ कोणाची भीड धरीना. झगा पेटीत, पेटी खुर्चीवर, आणि व्हर्लिनराव तिजकडे पाहीनात. स्वतःच्या नातीपाशी आपण पोहोचत नाही, आणि तेही एका वाक्यापायी, हे त्यांस कळत होते आणि पाऊल उचलत नव्हते.

तेव्हां आर्डिसबाईंनी बूट चढविले आणि रस्ता ओलांडून थेट लोवेलरावांचे दार ठोठावले. टॉलेफसन घराण्यात ऐसे धाडस पूर्वी जाहले नाही.

"लोवेल, आमचं दार उचलायला चल. आम्हांला जमत नाहीये."

लोवेलराव सवयीने म्हणाले, "नको, उगीच मी मध्ये..."

"नको म्हणायचं काम आमचं, तुझं नाही. टोपी घाल."

मग तिघांनी मिळोन दारास हात घातला, आणि तीन म्हातारी माणसे कण्हत, ओरडत, एकमेकांस 'वर, वर, तुझी बाजू' ऐसे फर्मावीत, दार माथ्यावर नेते जाहले. व्हर्लिनरावांनी रुळावर चाकांखाली पकड आवळली, दार ठरले, बाईसाहेबांनी गाडी बाहेर काढिली. मग दोघा रावांनी दार जपून उतरविले. लोवेलराव घराकडे वळले, तो व्हर्लिनराव म्हणाले, "बस गाडीत. हॉटडिश धरायला कोणीतरी लागेल." लोवेलराव एकदाही नको म्हणाले नाहीत.

देवळात पोहोचले तेव्हां पहिले स्तोत्र चालू होते. कन्येने पेटी घेतली, झगा बाळास घातला, आणि पाद्र्यांनी नाव पुसले तेव्हां व्हर्लिनराव दोन्ही हातांवर नात घेऊन उभे होते. डोळे भरले. बाहेरच्या थंडीने भरले, ऐसे त्यांचे म्हणणे. देऊळ चांगले ऊबदार होते.

पुढे कारागीर आला. तारेची जाडी, वेटोळ्याचा घेर, लांबी, पिळाची दिशा, सर्व मोजोन त्याने दोन्ही स्प्रिंगा बदलिल्या, कारण जुळ्यांतील एक गेली की दुसरीही पाहुणीच. आणि लिलावातील ती स्प्रिंग बाईसाहेबांनी भंगारात रवाना केली. आता दार एका हाताने उठते आणि अर्ध्यावर सोडले तर तेथेच राहते.

येणेप्रमाणे टॉलेफसनांचे दार सर जाहले, माणसे सुखरूप, हॉटडिश थोडी सांडली. गावात कोणी पुसिले की त्या रविवारी एवढे जड दार उचलले कोणी, तर व्हर्लिनराव कॉफीचा पेला खाली ठेवून म्हणतात, "आर्डिसनं."