मुद्दाम चुकणाऱ्या भोयर मॅडम

भोयर मॅडम रोज फळ्यावर एक चूक लिहितात. चुकून नाही, ठरवून. 'कोळ्याला सहा पाय असतात' असं टपोऱ्या अक्षरात लिहायचं आणि खुर्चीत निवांत बसायचं. चूक पकडणाऱ्याला मूठभर फुटाणे. कारण सांगणाऱ्याला वर गुळाचा खडा. "पकडनं सोपं हाये, काहून ते सांग!" हे त्यांचं पालुपद.

आमची शाळा कळंबजवळच्या एका खेड्यात. मी शेजारचा वर्ग सांभाळतो. ज्ञानरचनावादाचं प्रशिक्षण आम्ही सगळ्यांनीच घेतलं होतं. मुलांनी स्वतः प्रश्न विचारून शिकावं, एवढं मला समजलं. शिवाय पोहे बरे होते. परत येऊन मी वर्गाच्या फरशीवर रंगीत गोल काढले, मुलं आता त्यांवर बसून खिचडी खातात. मॅडमनी मात्र ते प्रशिक्षण भलतंच मनावर घेतलं. एकदा त्यांनी ऑफिसात चहात साखरेऐवजी मीठ घातलं. आम्ही तिघं मास्तर मुकाट्यानं प्यायलो.

"एकानंही इचारलं नाही!" त्या कडाडल्या. "आन् तुमी पोट्ट्यायले प्रश्न इचाराले शिकवून राह्यले!"

केंद्रप्रमुख साहेब तपासणीला आले, तेव्हा फळ्यावर तो सहा पायांचा कोळी होता. साहेबांनी मान डोलावली, "वा, अक्षर सुरेख." वर्ग खिदळला. मॅडमनी साहेबांना शांतपणे सांगितलं, "तुमाले फुटाणे नाही भेटत."

मग तांड्यावरची पायल राठोड पाचवीत आली आणि सगळे फुटाणे एकाच घरी जाऊ लागले. खडू खाली ठेवायच्या आत तिचा हात वर. बाकीच्या मुलांनी फळ्याकडे बघणंच सोडलं. जास्त हुशार पोर म्हणजे डोक्याला ताप, असं माझं स्पष्ट मत. मॅडमनी पायलच्याच हातात खडू दिला, "आता चुका तू कर."

पायलनं लिहिलं, 'चंद्र फक्त रात्री दिसतो.' एकही हात वर नाही. मॅडमही म्हणाल्या, "यात काय चुकलं?" दुसऱ्या दिवशी सकाळी पायलनं सगळ्यांना मैदानात नेलं आणि कडुलिंबाच्या शेंड्यावरचा फिकट चंद्र दाखवला. "हारली रे बाप्पा मी!" म्हणत मॅडमनी टाळ्या पिटल्या. हरण्यात इतका आनंद मानणारं माणूस मी तरी पाहिलेलं नाही.

पुढे निवासी शाळेच्या निवड परीक्षेची वेळ आली. पायल तिथे लागली तर बारावीपर्यंतची चिंता मिटणार होती. तिची याडी, म्हणजे आई, तयार होती. मॅडम मधल्या सुट्टीत तोंडी सराव घेत. आणि पायल चुकायला लागली.

"घाबरली असेल," मी म्हणालो.

"घाबरलेलं पोट्टं कसंबी चुकते, सर. हे दर वेळी शेवटच्याच पायरीवर चुकून राह्यली. ह्या चुका बनवलेल्या हायेत." आयुष्यभर चुका बनवलेल्या बाईला कोण फसवणार? त्यांनी तिला माझ्यासमोरच बोलावलं. "काहून?"

पायल खाली मान घालून म्हणाली, "मी गेली तं तुमाले कोन हाये?"

मॅडमचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. रविवारी सुद्धा त्या शाळेत येऊन झाडांना पाणी घालतात, हे साऱ्या गावाला माहीत.

मॅडम मोठ्यानं हसल्या. "मले? माह्या घरी भाऊ, भाचे, सतरा मानसं येतात. तू गेली का सुटली मी! मस्त करमन मले."

पायल त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं पुढची सगळी उत्तरं बरोबर दिली. परीक्षेतही दिली, आणि तिची निवड झाली.

तिला तिकडे सोडून आल्यावर मॅडम ऑफिसात येऊन बसल्या. चहालाही हात लावला नाही.

"सर, घरी सतरा मानसं येतात म्हनून एवढी ढळढळीत चूक केली मी तिच्यापुढं. पोट्टीनं पकडली नाही."

"पकडली असेल, मॅडम."

"मंग बोलली काहून नाही?"

उत्तर मला येत होतं. पण त्यांचे डोळे भरून आले होते, आणि माझेही. मी खुर्ची ओढून नुसता त्यांच्याजवळ बसलो.