भिलानानांची मोडीतली ताटं

भिलानानांकडे मी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा माझ्या वरणाखालून एक मयत माणूस वर आला.

वरण-बट्टीचा बेत होता. बट्टी कुस्करून, वर तुपाची धार घेऊन मी खालमानेने जेवत होतो. उजवीकडचं वरण संपलं तेव्हा ताटाच्या तळाला 'स्मरणार्थ' असा शब्द दिसायला लागला. आणखी चार घासांनी 'यांच्या' आलं. मग 'तोताराम' आले आणि अगदी शेवटी, डाव्या काठाशी चिकटलेल्या बट्टीच्या तुकड्याखालून 'कै.' निघालं. माझा घास हातातच राहिला.

"नाना, हे तोताराम कोण?"

"मला काय माहीत? भडगावचे आहेत, खाली गाव लिहिलंय बघ," नाना म्हणाले. "माणूस मोठ्या मनाचा असणार. काठ किती उंच ठेवलाय. तू एवढं वरण घेतलंस, सांडलं का?"

सांडलं नव्हतं. मी तोतारामांना मनोमन नमस्कार केला आणि आणखी एक बट्टी घेतली.

नाना म्हणजे एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. आयुष्य धुळे-जळगाव रस्त्यावर उभ्याने गेलं. आता पिंप्राळ्यात आमच्या शेजारी ते आणि जिजाअक्का असे दोघंच राहतात. मुलगा पुण्याला. घरात खाणारी तोंडं दोन आणि ताटं सव्वाशे. त्यातलं एकही दुसऱ्यासारखं नाही, कारण नानांनी ती एकेक करून मोडीतून वेचलेली. लोक जुनी भांडी दुकानात वजनावर घालतात आणि त्या बदल्यात नवी नेतात, त्या घातलेल्या भांड्यांच्या ढिगाला मोड म्हणतात. नव्या भांड्यांच्या चकचकीत भिंतीकडे नाना पाठ करून बसतात आणि ढिगात हात घालतात.

आपल्याकडे ताटावर नाव घालायची रीत आहे, हे नानांच्या पथ्यावर पडलेलं. कुणाचं लग्न, कुणाचं वर्षश्राद्ध, कुणाच्या मामाची भेट, सगळं ताटावर लिहिलेलं असतं. पाहुणा आला की नाना त्याचा चेहरा बघून ताट काढणार. सरकारी माणसाला चाळीसगावच्या हवालदाराचं ताट, नव्या जोडप्याला 'शुभविवाह' लिहिलेली दोन. मला तोताराम का दिले, ते मी अजून विचारलेलं नाही.

या सगळ्या ताटांच्या घरात अक्का मात्र कधी ताटात जेवत नसत. तळहातावर भाकरी, भाकरीवर भरीत किंवा भाजी, एका कोपऱ्यात मिरची, आणि चुलीशी बसावं तशा गॅसच्या ओट्याला टेकून उभ्या. मी एकदा ताट पुढे केलं तर म्हणाल्या, "माले ताट लागत नही." मला वाटलं, माहेरची सवय असेल. माणसाला जे समोर दिसतं त्याचा नेमका चुकीचा अर्थ लावायचा, ही माझी जुनी कला आहे. शाळेत कारकुनी करतो, पण ही कला तिथे वाया जात नाही.

माझ्याकडे स्कूटर आहे, एवढ्याच गुणावर नानांनी मला पत्करलं. रविवारी सकाळी आम्ही जळगावात मोहनशेठच्या दुकानी जायचो. शेठचं मूळ गाव राजस्थानातलं, पण नानांशी वाद घालून घालून त्यांची मराठी आता माझ्याहून चोख झालेली. नाना पोत्यावर बैठक मारणार, ताट उचलणार आणि बोटाच्या पेराने त्यावर टकटक करणार. एकदा वाजवून आवाज बसका आला तर "उतरवा." दोनदा वाजवून नाद घुमला तर "डबल बेल," आणि ताट मांडीवर. मग ते शेठकडे तांब्याभर पाणी मागणार. पाणी ताटात ओतून ताट कलतं धरायचं आणि काठ कुठवर साथ देतो ते बघायचं. पाणी बहुतेक वेळा माझ्या पँटवर सांडायचं.

"नानासाहेब," शेठ म्हणायचे, "लोक मुलगी बघायला जातात तरी इतकं बघत नाहीत."

"म्हणून तर ताटं टिकतात," नाना म्हणायचे.

सगळ्यात शेवटी नाव. नानांची नजर अधू, पण चष्मा लावतील तर ते नाना कसले. ते नावावरून अंगठा फिरवायचे. "पूर्वी छिन्नी-हातोडीने टिंबाटिंबाने ठोकून नाव घालायचे. आता मशीन फिरवतात. जुनं नाव बोटाला टोचतं बघ." माझा अंगठा धरून त्यांनी तो किती वेळा फिरवला असेल. खरंच टोचायचं. हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण ज्या दिवशी मला ते आठवायला हवं होतं, त्या दिवशी ते आठवलं नाही.

सापडलेली ताटं मालकाकडे पोचवायची, असाही नानांना मधूनच झटका यायचा. एकदा भडगावचं एक ताट निघालं, 'मंगल हिस मामाकडून'. गिरणाकाठच्या त्या गावात विचारत विचारत आम्ही मंगलबाईंच्या दारात पोचलो. बाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. नाना काहीतरी गोड प्रस्तावना करणार, तेवढ्यात मी मोठ्या आवाजात सांगून टाकलं की तुमचं ताट मोडीत सापडलं. बाईंनी शांतपणे ताट घेतलं आणि आत सुनेला हाक मारली. मग जे कळलं ते असं. सुनेने ते ताट गुपचूप मोडीत घालून कढई घेतली होती आणि भरिताच्या पार्टीत ते चोरीला गेलं असं सासूला सांगितलं होतं. चोरीचा आळ शेजारणीवर आला होता आणि दोन वर्षं दोन्ही घरांचा अबोला होता. आम्ही निघालो तेव्हा आवाज तिन्ही घरांतून येत होता. तिसरं घर कुणाचं, ते कळायला आम्ही थांबलो नाही.

"पार्सल पोचलं," स्कूटरवर नाना म्हणाले. "पुढचं आपल्या हद्दीत नाही."

महिन्यातून एकदा धुळ्याची फेरी असायची. तिला स्कूटर नाही, एस.टी. नाना अर्धं तिकीट काढायचे आणि कंडक्टरने तिकीट नीट फाडलं की नाही यावर अभिप्राय द्यायचे. धुळ्यातल्या दोन-तीन जुन्या दुकानांत ते जायचे, पण तिथे टकटक नाही, पाणी नाही. सरळ ढीग उपसायचे. निघताना दुकानदाराला विचारायचे, "दोनच अक्षरांचं काही आलं का?" दुकानदार मान हलवायचे. चार फेऱ्यांनंतर परतीच्या गाडीत मी विचारलं, दोन अक्षरं म्हणजे काय?

नानांनी खिडकीबाहेरच्या कपाशीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "जिजा."

बारा वर्षांपूर्वी धुळ्याचं बिऱ्हाड मोडून ते पिंप्राळ्याला आले. अक्का तेव्हा माहेरी, सातपुड्याच्या पायथ्याला गेलेल्या. नव्या घरात त्यांना चकित करायचं म्हणून नानांनी धुळ्यातली सगळी जुनी भांडी पोत्यात भरून मोडीत घातली आणि फुलाफुलांचा डिनर सेट आणला. त्या पोत्यात अक्कांचं ताट होतं. त्यांच्या बापाने उन्हाळाभर डिंक आणि मोहफुलं गोळा करून, ती विकून लग्नात दिलेलं स्टीलचं एकुलतं ताट, मधोमध 'जिजा' ठोकलेलं. अक्का आल्या. मांडणी बघितली, डिनर सेट बघितला, "चांगलं शे" म्हणाल्या. संध्याकाळी भाकरी तळहातावर घेतली. तेव्हापासून तळहातावरच.

"भांडली असती तर बरं झालं असतं," नाना म्हणाले. "कंडक्टरला शिव्यांची सवय असते."

आता इथे एखादा शहाणा माणूस गप्प बसला असता. मला मात्र युक्ती सुचली. मोहनशेठकडून तसलंच एक जुनं, बिननावाचं ताट घेतलं आणि दुसऱ्या दुकानात जाऊन मधोमध 'जिजा' घालून आणलं. घरी चार दिवस ते राख, चिंच आणि विटेच्या भुकटीने घासलं. बायकोला वाटलं, मला अखेर भांडी घासायची उपरती झाली. तिने घरातली बाकीची भांडीही माझ्यापुढे आणून ठेवली. मी घासली. पुण्याच्या कामात थोडं दुःख सोसावं लागतं.

पुढच्या धुळ्याच्या फेरीत ते ताट मी पिशवीतून नेलं आणि नानांची पाठ वळल्यावर ढिगात सरकवलं. दुकानदाराने बघितलं. मी हात जोडले. तो गालात हसून हिशेबाला लागला.

नानांच्या हाताला ते दहाव्या मिनिटाला लागलं. त्यांनी ते गुडघ्यावर ठेवलं, नावावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मला वाटलं, गहिवर आला. मी स्वतः तर रुमाल काढून तयारच होतो. गाडीत ते ताट त्यांनी छातीशी धरलं होतं आणि जळगाव येईपर्यंत कंडक्टरला एकही सूचना केली नाही.

घरी अक्कांनी ताट हातात घेतलं. त्यांनीही अंगठा फिरवला. मग नानांकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. "हाईच शे," म्हणाल्या, आणि त्या दिवशी बारा वर्षांनी त्या खाली बसून ताटात जेवल्या. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की मी दिसतो तेवढा साधा माणूस नाही. ती म्हणाली, दिसतोस त्यापेक्षा साधा आहेस. मी ते कौतुक समजलो.

पुढच्या रविवारी मी स्कूटर काढली, तर नाना बनियनवर बसलेले. "नको आज," म्हणाले. त्यापुढच्या रविवारीही नको. मोहनशेठने निरोप धाडला की झोडगे गावाकडची मोड आली आहे, काठ बघण्यासारखे आहेत. नाना म्हणाले, "सापडलं ना आता." दाढी वाढली. ताटं कपाटात गेली. मी जेवायला गेलो तर मला डिनर सेटमधली प्लेट मिळाली, आणि वरण पहिल्याच घासाला माझ्या मांडीवर आलं. तोताराम असते तर ही वेळ आली नसती.

तिसऱ्या आठवड्यात अक्कांनी मला मागच्या दाराने बोलावलं. नाना पुढच्या खोलीत पंख्याकडे बघत पडलेले. अक्कांनी ते ताट माझ्यापुढे ठेवलं.

"भाऊ, कोठून नाव घालं?"

मी म्हणालो, कसलं नाव? त्यांनी माझा अंगठा धरला, थेट नाना धरत तसा, आणि त्या दोन अक्षरांवरून फिरवला. अक्षर सुरेख होतं. गुळगुळीत होतं. लोण्यावरून बोट फिरावं तसं फिरलं.

"जुनं नाव बोटले टोचस. हाई ते लोनीमायक शे," अक्का म्हणाल्या. "माले वाचता येत नही, पन बोट ते शे ना."

मी खाली बघत माफी मागितली. त्यांनी ती हाताने बाजूला सारली. मग जे सांगितलं ते असं, की ताटाचा राग त्यांना चार दिवस होता. पाचव्या दिवशी त्या ताट घेणारच होत्या, तेवढ्यात नाना पिशवी घेऊन शोधायला बाहेर पडले. निवृत्तीनंतर, बिऱ्हाड हलवण्याची धावपळ सोडली तर, पहिल्यांदाच घराबाहेर पडले. त्याआधी सकाळी अंघोळ करून खुर्चीत बसायचे आणि जेवणाला हाक मारली की उठायचे. त्या दिवशी दुकानदाराशी भांडून, घामाघूम होऊन, हसत घरी आले. मग अक्कांनी ठरवलं की भाकरी हातावरच बरी. तळहाताला आता तिची सवय झाली, आणि दोघांचंही बरं चाललं होतं.

"आते दिनभर पंखा दखत बसतस," त्या म्हणाल्या. "तू गवसाडी दिनं ना."

मी शोधून दिलं होतं. बारा वर्षं चालू असलेली गाडी मी एका युक्तीत डेपोत नेऊन लावली होती. भडगावला निदान फक्त तीन घरं बिघडवली होती.

अक्कांनी चहा गाळला. तीन कप घेऊन पुढच्या खोलीत गेल्या, मी मागोमाग. नानांपुढे कप ठेवता ठेवता, जणू आत्ताच आठवलं अशा आवाजात म्हणाल्या, "ताटसंगे मनी वाटी बी व्हती. ती नही गवसनी का?"

नाना पंख्याकडेच बघत होते. मग त्यांनी मान वळवून अक्कांकडे बघितलं. अक्का कपातली साय काढत होत्या.

"वाटी?" नाना म्हणाले.

"बापनी दिन्ही व्हती. तिनावर बी नाव शे."

नानांनी चहा बशीत ओतला, प्यायला, आणि उठून दाढीचं सामान शोधायला लागले. अर्ध्या तासात बाहेर आले ते इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी. मी त्यांना बसस्टँडवर सोडायला निघालो. अक्का दारात उभ्या होत्या. हातात भाकरी होती, नुसती.

वळणावर, घर दिसेनासं झाल्यावर, नाना मागून म्हणाले, "वाटी नव्हतीच कधी. तिच्या माहेरी एका ताटात तिघं जेवायची, वाटी कुठली?"

मी ब्रेक दाबला. म्हणालो, मग परत फिरू का?

"कशाला? ती शोध म्हणाली ना." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फक्त तू आता वाटी करून आणू नकोस, बाबा. मशीनचं अक्षर फार गुळगुळीत येतं."

आणि माझ्या हेल्मेटवर त्यांनी बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं.