टेकला न्हाई!

आमच्या शेजारच्या नामदेवतात्यांच्या पाया पडायचं म्हणजे परीक्षाच. आपण वाकावं, हात लावावा, उठावं, की हुकूम आलाच. "हात टेकला न्हाई. पुन्ना पड!"

पाया पडताना मी कधी चोरी केली असेल तर हात झडोत माझे. तरी दोनदा वाकायचो. "उगं हवेत हात फिरवतो बे," तात्या डोळे बारीक करायचे, "आजकाल समदं वरवरचं झालंय." घराबाहेर पडले की त्यांची चप्पलही चोरीला जायची, तीसुद्धा एकाच पायातली! "एक चप्पल नेणारा चोर कसला, तात्या?" असं विचारलं, तर ते माझ्याच पायांकडं बघायचे. मला असा राग यायचा!

दिवाळीला तर कहर झाला. युसूफ वडगाव या गावचे त्यांचे जावई भरल्या घरात वाकले आणि तात्या म्हणाले, "पाव्हणं, ह्या घरात कुणी खोटं पाया पडत न्हाई." जावई फराळाचं ताट सारून उठले, बायकोला, सुमनला घेऊन निघाले. तेव्हापासून लेकीचा फोनसुद्धा नाही. तात्या मात्र दर बसच्या आवाजाला दारात येऊन उभे राहायचे.

उन्हाळ्यात परळीच्या बाजारातून मी त्यांच्या मागं चालत होतो. त्यांची डावी चप्पल निसटून मागं राहिली आणि गडी तापल्या डांबरावरून अनवाणी तसाच पुढं! मी चप्पल उचलून धावलो. "हा घ्या तुमचा चोर!" तळव्याला हा एवढा फोड आलेला, अन् तात्यांना पत्ताच नाही.

मी त्यांना तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले आणि तळपायाला नायलॉनचा दोरा टोचला. "कळलं की सांगा."

"लावा की, कावून थांबलात?" तात्या म्हणाले. डॉक्टर तेव्हा तिसऱ्यांदा टोचत होते.

रक्तातल्या साखरेनं नसा खाल्ल्या होत्या. पायाला काही लागलं तरी त्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचतच नव्हता.

परतीच्या वाटेवर तात्या म्हणाले, "म्हंजे पाव्हण्यांचा हात टेकला व्हता."

"मग काय! लावा फोन."

"तूच लाव बे. माझ्यानं बोलवायचं न्हाई."

रविवारी दोघं आले. तात्यांनी आधी जावयांपुढं हात जोडले. मग सुमन वाकली. तिचा हात अजून पायापासून वीतभर वर होता, मी डोळ्यांनी पाहिलं, तोच तात्या म्हणाले, "टेकला, बाई, टेकला. ऊठ."