कुठलं हिरवं?

आमच्या वाघमारे सरांसमोर नुसतं 'निळं' म्हणून कुणी सुटत नाही. ''कुठलं निळं? शाईचं का रॉकेलचं?'' निवृत्त चित्रकला शिक्षक. चहावाल्यालाही विचारतात, ''आज चहा विटकरी कसा काय?''

ते शिकवत त्याच परंड्याच्या शाळेत मी क्लार्क. शाळेचं संकेतस्थळही माझ्याच गळ्यात. ते अंधांनाही वापरता यावं म्हणून प्रत्येक फोटोमागे वर्णन भरा, असं वरून पत्र आलं. हे वर्णन एरवी दिसत नाही. अंध माणसाचा फोन ते वाचून दाखवतो. न दिसणारं काम मी कशाला करतोय? सरांना गाठलं.

सर रोज अकराला येत, सांगत. मी टाइप करी. ''शिक्षक दिन. खुर्च्या शंभर, माणसं तेरा. मुख्याध्यापक हसतायत, मनातून न्हाय. मागची भिंत पिकल्या पेरूच्या रंगाची.''

''सर, आंधळ्याला रंग कशाला?''

''तुमी टायपा, भाऊसाहेब.''

संस्थेच्या अध्यक्षांच्या फोटोला त्यांनी सांगितलं, ''अध्यक्ष झाडाला पाणी घालताना. सफारी उसाच्या पाचटासारखी. झाड वाळलेलं.'' कोण बघतंय, म्हणून मी तेही टाइप केलं.

पण फोटो उघडला नाही तर त्याच्या जागी वर्णन दिसतं, हे मला ठाऊक नव्हतं. अध्यक्ष पाहुण्यांना संकेतस्थळ दाखवत होते, रेंज जेमतेम होती. त्यांनी ते स्वतःच मोठ्यानं वाचलं. झाडापर्यंत.

''कुणाचा आगाऊपणा हा?'' त्यांचा फोन आला.

''वाघमारे सरांचा,'' मी म्हणालो. टाइप मी केलं, हे सांगितलं नाही. उलट सगळी वर्णनं पुसून सगळीकडे 'फोटो' एवढंच भरलं.

आठवड्यानं ऑफिसात उमरग्याहून फोन आला. ''मी शबाना, जुनी विद्यार्थिनी. वाघमारे सर बरे हायत ना? शाळा आता नुसती फोटो, फोटो करायलीय.''

दहावीनंतर तिचे डोळे गेले, हे मला तेव्हा कळलं. रंग मात्र तिला सगळे आठवत होते.

मी सरांना बोलावून सगळं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत बसले, चष्मा पुसत राहिले.

''माझी चित्रं उभ्या शाळेत ती एकटीच बघायची, भाऊसाहेब. बाकीचे तासाला डबा खायचे.'' मग म्हणाले, ''सगळं परत भरू. अध्यक्षांचं झाड हिरवं लिवा. पर बाकीचं तिला ऐकू द्या.''

मी टाइप करायला बसलो. झाडापाशी आलो.

''कुठलं हिरवं, सर?''

''नुसतं हिरवं,'' ते हळूच म्हणाले आणि खिडकीकडं बघू लागले.

मी 'वाळलेलं' टाइप केलं. आणि पुढे लिहिणाऱ्याचं नाव घातलं. माझं.