वू मिस्त्री इंग्रजी वाचनात नापास जाहले त्याची बखर

श्री वाग्देवी प्रसन्न असावी, आणि नसली तर तिने निदान पुढील मजकुराकडे पाठ फिरवू नये. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, फाल्गुन मास. संवत्सराचे नाव पंचांगातलेच आहे, आम्ही रागाच्या भरात ठेविलेले नाही. बखरी थोरांच्या आज्ञेवरून लिहितात. ही रागावरून लिहिली, आणि वरिष्ठांस कळले तर मनाईच होईल. लिहिणार परीक्षा दफ्तरातील एक कारकून. नाव सांगण्याजोगे काम हातून जाहले नाही, सबब नाव दिले नाही.

राज्य समुद्रकाठी. तेथे चिनी भाषा बोलणारे लोक फार वर्षांपासून येऊन राहिले होते, आणि कोणी दात बसवीत, कोणी गोदीत माल उचलण्याची यारी चालवीत, कोणी इस्पितळात रुग्णांची सेवा करीत, आणि राज्याची भाषा त्यांस इतकी येत असे की कोळणीशी घासाघीस करून जिंकत. इंग्रजी त्या राज्यात कोणासच लागत नसे. मग श्रीमंतांची स्वारी परमुलखी जाऊन आली, आणि तेथे जो तो इंग्रजीची परीक्षा देतो हे पाहोन श्रीमंतांस आपले राज्य फारच मागासलेले वाटू लागले, आणि परत येताच हुकूम सुटला की, चिनी बोलणाऱ्या ज्या प्रौढ स्त्री-पुरुषांपाशी जोखमीचे काम असेल त्यांनी शब्द, व्याकरण आणि वाचन या तीन अंगांची इंग्रजी परीक्षा देऊन दाखला आणावा, नाही तर काम सोडावे. राज्याची भाषा घरी बोलणाऱ्यांस परीक्षा माफ जाहली, कारण त्यांस बसविले असते तर दरबार ओस पडता. हे कोणी मोठ्याने बोलिले नाही.

मग परीक्षेचे दफ्तर उभे राहिले आणि त्यावर भास्करपंत उपळेकर यांची नेमणूक जाहली. पंत स्वच्छ धोतराचे आणि स्वच्छ अंतःकरणाचे गृहस्थ. कोणाचे वाईट चिंतीत नसत, आणि चांगले चिंतिण्यास वेळ मिळत नसे. त्यांनी आम्हांस बोलावून आज्ञा केली की, शब्दांची यादी करा. आम्ही परमुलखाच्या पुस्तकांतून उतरून काढिली, आणि त्यांत बर्फावरून घसरत जाण्याच्या गाडीचे नाव आले, कोल्ह्याच्या शिकारीचे शिंग आले, आणि बर्फ तर आमच्याकडे मासळीबाजारातच दिसतो. पंत म्हणाले, उत्तम. मग व्याकरण जाहले. मग पंत म्हणाले, "वाचनाचा उतारा मात्र उपयोगाचा हवा. ही मोठी माणसं आहेत, यांना ससा-कासव देऊ नका. यंत्रांविषयी काहीतरी लिहा. बॉयलरविषयी लिहा." आम्ही जन्मात बॉयलर पाहिला नव्हता, तरी लिहू लागलो, कारण दफ्तरात ही रीतच आहे. आग कोठे, वाफ कोठे, काचेच्या नळीत पाण्याची उंची कशी दिसते, इतके पुस्तकांत मिळाले. मग नळीत पाणी दिसेनासे जाहले तर काय करावे, या जागी लेखणी अडली आणि आम्ही पंतांस पुसले. पंत हसले. म्हणाले, "पाणी कमी झालं तर पाणी घालावं, यात विचारायचं काय? घरी बंबात काय करता? एक तांब्या गार ओततोच ना आपण वरून?" आमच्याही घरी बंब होता, आणि तीस वर्षे त्यात वरून गार ओतून खालून ऊन काढीत आलो होतो, सबब पंतांचे म्हणणे पटले आणि आम्ही शुद्ध इंग्रजीत लिहिले की, नळीत पाणी दिसत नसेल तर विलंब न करिता थंड पाणी सोडावे. त्याखाली पाच प्रश्न केले, प्रत्येकापुढे उत्तरांची चार घरे आखिली, आणि पाचवा याच वाक्यावर केला. हे पाप आमचे. ते दुसऱ्या कोणाच्या नावावर चढवू नये.

आता वू मिस्त्रींचे सांगतो. वू देशान हे त्यांचे नाव, वय छप्पन, आणि सरकारी इस्पितळाचा बॉयलर सव्वीस वर्षे त्यांच्या हाती. त्या बॉयलराच्या वाफेवर शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक होत, चादरी धुतल्या जात, रुग्णांची पेज शिजे, आणि त्याच्या भिंतीपलीकडे बाळंतिणींचा कक्ष होता. सव्वीस वर्षांत वाफ एक दिवस खंडली नाही. हुकूम सुटला तेव्हा मिस्त्रींस इंग्रजीची अक्षरे तेवढी येत होती. मग त्यांनी बॉयलरघराच्या भिंतीवर खडूने रोज दहा शब्द लिहून काढिले, आणि घाम पुसता पुसता पाठ केले, आणि भिंत भरली की पुसून पुन्हा लिहिले. त्यांची बायको शूचिन घरी भाजी निवडता निवडता व्याकरणाचे प्रश्न विचारी, आणि तिला स्वतःस उत्तर येत नसल्याने पुस्तकात बोट ठेवून बसे. ऐसे दीड वर्ष चालिले. मग परीक्षा जाहली, आणि शब्दांत मिस्त्री उत्तम, व्याकरणात उत्तम, आणि वाचनात एका गुणाने नापास, कारण तेथे पाचांपैकी पाच लागत. चूक एकच, पाचव्या प्रश्नाची. थंड पाणी सोडावे या घरावर खूण करावयाची, ती त्यांनी आग काढावी या घरावर केली.

मग मिस्त्रींनी दाद मागितली आणि पंतांपुढे उभे राहिले, आणि आम्ही कोपऱ्यात बसून टिपण घेत होतो, ते टिपण जसेच्या तसे देतो. पंत म्हणाले, "बसा मिस्त्री. उताऱ्यात काय लिहिलंय ते सांगा." मिस्त्री म्हणाले, "नळीत पाणी दिसलं नाही तर लगेच थंड पाणी सोडा, असं लिहिलंय." पंत म्हणाले, "म्हणजे तुम्हाला वाचता आलं." मिस्त्री म्हणाले, "आलं, साहेब." "मग खूण दुसरीकडे का केली?" "ते चूक आहे म्हणून. नळी रिकामी म्हणजे आतलं लोखंड तापून लाल झालेलं असतं. त्यावर थंड पाणी पडलं तर बॉयलर फुटतो. पाणी घालायचंच नाही. आधी आग काढायची, माणसं लांब करायची आणि थंड होऊ द्यायचं." पंत चष्मा पुसीत म्हणाले, "मिस्त्री, आम्ही बॉयलरची परीक्षा घेत नाही, इंग्रजीची घेतो. उताऱ्यात आहे ते उत्तर. उद्या उताऱ्यात माणसाला शेपूट आहे असं लिहिलं, तर शेपूट आहे असंच उत्तर." मिस्त्री म्हणाले, "शेपटीनं कोणी मरत नाही, साहेब. आमची माणसं परीक्षेसाठी उतारे पाठ करतात. शिकवणीवाल्यांनी हा छापलाय. यंदा बसले त्यातले अकरा जण कुठे ना कुठे बॉयलरवर आहेत. ते चूक पाठ करतायत. माझा गुरुबंधू असाच गेला. कुणीतरी ओरडलं पाणी सोड, त्यानं सोडलं. आम्हाला तो सगळा मिळालासुद्धा नाही." पंतांनी टेबलावरचा कागद सरळ केला. म्हणाले, "वाईट झालं. पण म्हणजे तुम्हाला वाचता येत होतं आणि तुम्ही मुद्दाम चुकलात. न येऊन चुकणाऱ्यापेक्षा हे अधिक गंभीर आहे." आणि दाद फेटाळली.

त्या क्षणी आमच्या अंगाची आग आग जाहली. वाचता येते की नाही हे पाहण्यासाठी परीक्षा, वाचता येते हे समोरचा मनुष्य तोंडाने सिद्ध करितो, आणि त्यास वाचनात नापास करितात. आम्ही उठून सांगावयाचे होते की, उतारा मी लिहिला, मला काही कळत नव्हते, तुमच्या बंबावरून लिहिला. आम्ही उठलो नाही. टिपणाखाली सही केली आणि चहा आला तो प्यालो. त्या चहाची आठवण जाहली की अजून स्वतःची किळस येते.

नापास जाहलेल्यांस सहा महिन्यांनी एक संधी आणखी मिळे. मग आम्ही, थोडी लाज उरली होती तिच्या बळावर, पंतांस म्हणालो, "उतारा बदलू या." पंत म्हणाले, "नवीन उताऱ्याला मंजुरी आणायला वर्ष जाईल. तोच राहू द्या." म्हणजे तोच उतारा, तेच पाच प्रश्न, आणि उत्तरे अवघ्या वस्तीस तोंडपाठ. शूचिनबाईंनी नवऱ्यास पुष्कळ समजाविले. परीक्षेच्या दिवशी त्या दारापर्यंत आल्या होत्या, आणि आम्ही दारात नावे तपाशीत होतो म्हणोन कानी पडले, एरवी पडले नसते. लेकीच्या नावाने हाक मारून म्हणाल्या, "मेईचे बाबा, एक खूणच करायची आहे. कागदावर करा आणि बॉयलरवर तुम्हाला हवं ते करा. इथं कोण बघतंय?" मिस्त्री म्हणाले, "हे कागद बघूनच तर उद्या कोणीतरी नळ फिरवणार आहे." बाई म्हणाल्या, "मग जगातल्या सगळ्यांच्या जिवाचं ओझं तुमच्याच पाठीवर का?" मिस्त्रींनी पेन्सिलीस टोक केले आणि ते आत गेले.

मग कागद तपासावयास आमच्याकडेच आला. शब्द बरोबर, व्याकरण बरोबर, वाचनाचे चार प्रश्न बरोबर, आणि पाचव्याची चारही घरे कोरी. आणि कागदाच्या समासात, पेन्सिलीने, बारीक उभट अक्षरात, सात ओळी इंग्रजी. त्यांत लिहिले होते की, हा उतारा मनुष्यास ठार करील. नळी रिकामी दिसल्यास पाणी सोडू नये, त्याची कारणे ऐशी. प्रथम काय करावे, नंतर काय करावे. आणि हे वाचणाऱ्याने कृपा करून उतारा लिहिणाऱ्यास कळवावे, कारण त्यास ठाऊक नसावे, त्याचा दोष नसावा. आम्ही तीन वेळा वाचिले. एक शब्द चुकला नव्हता, एक क्रियापद ढळले नव्हते. दफ्तरातील आम्हां सर्वांस मिळून तैशा सात ओळी लिहिता आल्या नसत्या. आणि त्यास दोष नसावा, हे आम्हांविषयी लिहिले होते, ज्याने चहा प्यायला त्याच्याविषयी. आम्ही कागद घेऊन धावत पंतांकडे गेलो आणि म्हणालो, "पंत, याहून चांगली परीक्षा कोणी दिली नाही. या माणसाला दाखला द्या, आणि उतारा मी लिहिला, तो चूक आहे." पंतांनी सात ओळी वाचिल्या. वाचिल्या, हे आम्ही शपथेवर सांगतो, ओठ हलत होते. मग म्हणाले, "इंग्रजी चांगलं आहे. पण समासात लिहायला मनाई आहे. कागद रद्द करावा लागेल, आणि नियमाप्रमाणे तीन वर्षं बसता येणार नाही." आम्ही म्हणालो, "आणि उतारा?" पंत म्हणाले, "उत्तरतालिका आता बदलली तर जे पाणी सोडा म्हणून उत्तीर्ण झाले त्यांच्यावर अन्याय होईल." हे ते रागाने बोलिले नाहीत. ममतेने बोलिले. त्यांस खरोखर त्या उत्तीर्णांची काळजी वाटत होती, आणि म्हणोनच आम्हांस त्यांच्या अंगावर दौत फेकावी वाटली. फेकिली नाही.

मग इस्पितळात वू मिस्त्रींच्या जागी हो चिएन नामे सत्तावीस वर्षांचा गडी नेमिला. स्वभावे गोड, अंगाने मजबूत, आणि परीक्षेत पहिला आलेला. चार्ज देण्याचे दिवशी दफ्तराचा माणूस हजर पाहिजे, म्हणोन आम्ही गेलो. मिस्त्रींनी त्यास झडपा दाखविल्या, कोणती झडप अडते ते सांगितले, कोणत्या वेळी बाळंतिणींकडे ऊन पाणी अधिक लागते ते सांगितले, आणि मग नळीपाशी उभे करून चिनीत काही पुसले. चिएनने हसून, पाठ सरळ करून, इंग्रजीत उत्तर दिले. आम्ही ते उत्तर ओळखिले, आमचेच वाक्य होते ते, शब्दाला शब्द, उच्चार सुरेख. पलीकडे एक तान्हे रडत होते. मिस्त्रींनी त्या गड्याचे मनगट धरिले आणि भराभरा चिनीत बोलू लागले, नळीकडे दाखवीत, भट्टीकडे दाखवीत, आणि चिएन मान डोलवीत होता खरा, परंतु मधेच आमच्याकडे पाहू लागला आणि म्हणाला, "साहेब, खरं कुठलं? हे सांगतात ते, की उताऱ्यातलं?" आम्ही तोंड उघडले. इतक्यात इस्पितळाचे मुकादम आले आणि म्हणाले, "दाखला नसलेल्या माणसाला बॉयलरपाशी थांबता येणार नाही," आणि मिस्त्रींस दंड धरून बाहेर नेले. मिस्त्रींनी झटापट केली नाही. अंगणात जाऊन कडुनिंबाखाली उभे राहिले आणि दाराकडे पाहात राहिले. आम्ही चिएनास खरे ते सांगितले. त्याने ऐकून घेतले, आणि मग अदबीने पुसले, "लिहून द्याल का? दफ्तराच्या कागदावर? नाहीतर उद्या मलाच नापास ठरवतील." दफ्तराच्या कागदावर तैसे काही लिहिण्यास पंतांची मंजुरी लागते, आणि ती मिळत नाही, हे वर आलेच आहे.

येणेप्रमाणे हकीकत जाहली. श्रीमंतांचा हुकूम जारी आहे, पंतांस बढती मिळाली, शिकवणीवाल्यांनी पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढिली. इस्पितळात अडीचशे खाटा आहेत आणि बॉयलर चालू आहे. दफ्तराचा कागद मिळाला नाही म्हणोन ही बखर घरच्या कागदावर लिहिली, आणि तिची एक प्रत आम्ही स्वहस्ते नळीशेजारी खिळ्याने ठोकिली आहे. लिहिण्याचे कारण खालील एवढेच. नळीत पाणी दिसले नाही तर पाणी सोडू नका. आग काढा, बाळंतिणींस बाहेर न्या, आणि वू मिस्त्रींस हाक मारा. ते दिवसभर अंगणातच असतात.